हाडं पोखरलेली, तरी रक्तात कॅल्शियम जास्त: मायलोमा आणि इतर रक्तकर्करोगांबद्दल

स्लाइडवाली

हाडं दुखतात? कॅल्शियम घ्या. हा सल्ला औषधाच्या दुकानापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही फुकट मिळतो, आणि बहुतेकांचं त्याने काही बिघडतही नाही. पण काही रक्तकर्करोगांत एकीकडे हाडं ठिसूळ होत असतात आणि त्याच वेळी रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीला पोचलेलं असतं. तिथे हा सल्ला अंगाशी येतो. अशा आजारांत सर्वांत ठळक म्हणजे मल्टिपल मायलोमा.

मी पॅथॉलॉजिस्ट होते, आता निवृत्त आहे. उपचार हा माझा प्रांत नव्हे, त्यामुळे इथे मुख्यतः रिपोर्टांबद्दल लिहिते.

आधी हाडांचं काय होतं ते. प्लाझ्मा पेशी या अस्थिमज्जेत राहणाऱ्या, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी. त्यांतल्या एकीचा वंश बेलगाम वाढला की मायलोमा होतो. हाड आयुष्यभर मोडलं आणि बांधलं जात असतं: ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट त्या जागी नवं भरतात. महापालिकेचं एक खातं रस्ता खोदतं, दुसरं बुजवतं, तसं समजा. मायलोमाच्या पेशी खोदणाऱ्यांना जादा हुकूम सोडतात आणि बुजवणाऱ्यांना घरी पाठवतात. दोन्ही एकाच वेळी.

हुकूम सोडणारं मुख्य प्रथिन म्हणजे आरएएनके-लिगँड. ते वाढतं, आणि त्याला लगाम घालणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन कमी होतं. बुजवणाऱ्यांना रोखण्यात डीकेके-१ आणि स्क्लेरोस्टिन या प्रथिनांची नावं पुढे येतात. त्यात हाड विरघळताना आत साठलेले वाढीचे घटक बाहेर पडतात आणि त्यांच्यावर मायलोमाच्या पेशी आणखी पोसल्या जातात. म्हणजे हाड खाल्लं की रोग वाढतो, रोग वाढला की आणखी हाड खाल्लं जातं.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, साधारण एक किलो. ते रक्तात सुटायला लागलं तरी निरोगी मूत्रपिंडं बराच काळ ते लघवीवाटे काढून टाकतात. पण मायलोमात पेशींनी बनवलेल्या प्रथिनांचे तुकडे, म्हणजे लाइट चेन, मूत्रपिंडांच्याच नळ्यांत अडकतात. निचरा मंदावतो आणि कॅल्शियम चढतं. हाडं खराब असलेल्या प्रत्येकाचं कॅल्शियम का वाढत नाही, याचं एक कारण हे. मेयो क्लिनिकने २००३ साली १०२७ नव्या रुग्णांची माहिती छापली होती. त्यात एक्स-रेमध्ये हाडांचे दोष ७९ टक्के लोकांत होते, रक्तक्षय ७३ टक्क्यांत, पण कॅल्शियम ११ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा वर फक्त १३ टक्क्यांत.

आता माझं गाऱ्हाणं. कंबर दुखते म्हणून माणूस हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, थकवा येतो म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे, क्रिएटिनिन वाढलं म्हणून किडनीच्या डॉक्टरांकडे. तीन फायली तीन पिशव्यांत. प्रत्येक जण आपला आकडा बघतो. हे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर निदान कितीतरी आधी होईल.

काय बघायचं? लिव्हरच्या नेहमीच्या तपासणीत एकूण प्रथिनं, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन छापलेलं असतं. तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. एकूण प्रथिनं ९–१०, ग्लोब्युलिन अल्ब्युमिनपेक्षा जास्त, हिमोग्लोबिन ८–९, ईएसआर (रक्तपेशी नळीत खाली बसण्याचा वेग) शंभरच्या पुढे आणि वर कंबरदुखी, असं एकत्र आलं की माझे कान टवकारायचे.

---

शंकेखोर

छान धागा. महापालिका आवडली, फक्त आमच्या शहरात रोग न होताही बुजवणारे घरीच असतात.

शंका: कंबर प्रत्येकाचीच दुखते. उद्या इथले सगळे साठीचे लोक तपासणीच्या रांगेत उभे राहिले तर लॅबवाल्यांची चंगळ. नक्की घाबरायचं कुणी?

---

स्लाइडवाली

@शंकेखोर, रास्त प्रश्न. नुसत्या कंबरदुखीसाठी ही तपासणी नकोच. पण पन्नाशी-साठीनंतर नव्याने सुरू झालेलं, आठवडे उलटले तरी न हटणारं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं, सोबत वजन उतरणं, विनाकारण रक्तक्षय, वारंवार न्यूमोनिया, किंवा किरकोळ धक्क्याने मणका दबणं वा बरगडी मोडणं, यांतलं काही असेल तर पाच मिनिटं विचार करा.

आणि पाय लुळे पडायला लागले, लघवी अडकली, बैठकीची जागा बधिर झाली तर धागे वाचत बसू नका. मज्जारज्जू दबतो आहे असं धरून त्याच दिवशी एमआरआय होईल अशा रुग्णालयात जा.

---

चिंचेचा_कोळ

आमच्या काकांची गोष्ट. वय बहात्तर. आधी बद्धकोष्ठ, मग भूक गेली, सारखं पाणी पिणं आणि सारखी लघवी. आम्हाला वाटलं साखर वाढली, पण ती नॉर्मल. मग विसरायला लागले, दुपारभर झोपून राहायचे. "वय झालं आता" म्हणून सगळ्यांनी मान्य करून टाकलं. कुणीतरी स्मृतिभ्रंशाची गोळीही सुरू केली. शेवटी फारच गुंगीत गेले तेव्हा दाखल केलं आणि कॅल्शियम निघालं १४.६. सलाईन आणि इंजेक्शन दिल्यावर काही दिवसांत ते पुन्हा माणसांत आले, पेपर मागायला लागले. मायलोमाचं नाव त्यानंतर कळलं.

मला अजून समजलेलं नाही ते हे की कॅल्शियम वाढल्यावर एवढी लघवी का होते?

---

स्लाइडवाली

काकांची लक्षणं पुस्तकात छापावीत इतकी चपखल आहेत. जास्त कॅल्शियममुळे मूत्रपिंड लघवी घट्ट करण्याचं संप्रेरक जुमानत नाही, त्यामुळे पाणी नुसतं वाहून जातं. शरीर कोरडं पडतं, मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं, मग कॅल्शियम बाहेर टाकणं आणखी घटतं. ओकाऱ्या आणि गुंगीमुळे तोंडाने पाणी जात नाही, तेव्हा हे चक्र झपाट्याने फिरतं. म्हणूनच पहिला उपचार साधं सलाईन.

एक खाचखळगा सांगून ठेवते. रक्तातलं साधारण निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. आजारपणात अल्ब्युमिन उतरलं की छापलेला आकडा फसवतो. ढोबळ हिशेब असा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा, आलेला आकडा कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर खरा आकडा ११.४ होतो. कागदावर नॉर्मल, प्रत्यक्षात नाही. शंका असेल तर आयोनाइज्ड, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम थेट मोजता येतं.

---

सोलापुरी_चादर

आईच्या पाठीच्या एमआरआयमध्ये दोन मणके खराब दिसले. जिथे दाखवलं त्या रुग्णालयात टीबी म्हणून गोळ्या सुरू केल्या. बायोप्सी केली नाही. काही महिने गोळ्या खाल्ल्या, दुखणं वाढत गेलं, मग दुसरीकडे मायलोमा निघाला. आपल्याकडे असं बऱ्याच जणांचं होतं का?

---

रक्तपेढी

मी रक्तविकार विभागात काम करतो, म्हणून थोडं लिहितो. हो, होतं. मणक्याचा टीबी आपल्याकडे इतका आहे की मणका खराब दिसला की पहिला विचार तोच येतो, आणि बहुतेकदा बरोबरही ठरतो. टीबी बहुधा दोन मणक्यांमधली चकती आणि तिच्या दोन्ही बाजू खातो. कर्करोगात चकती सहसा शाबूत राहते आणि मणका दबतो. पण हा नियम दगडावरची रेघ नाही. शक्य असेल तिथे बायोप्सी करून मगच औषधं सुरू करावीत. आणि गोळ्या घेऊनही दुखणं वाढतच असेल तर निदानाकडे परत जावं, गोळ्यांची मुदत संपायची वाट बघू नये.

बोन स्कॅन नॉर्मल आला म्हणून निर्धास्त झालेले नातेवाईकही भेटतात. तो स्कॅन नवं हाड कुठे भरलं जातंय ते पकडतो, आणि मायलोमात भरणंच बंद असतं. हाड भरलं जाताना रक्तात वाढणारं अल्कलाइन फॉस्फेटेजही त्याच कारणाने नॉर्मल राहू शकतं. साध्या एक्स-रेत भोक दिसायला त्या जागचं किमान ३० टक्के हाड गेलेलं असावं लागतं. त्यामुळे आता कमी मात्रेचा पूर्ण शरीराचा सीटी, पेट-सीटी किंवा एमआरआय करतात.

---

जुनी_पेटी

थोडं अवांतर, इतिहास आवडणाऱ्यांसाठी. हा आजार वैद्यकाच्या नजरेत आला तो लंडनमध्ये. थॉमस मॅकबीन नावाचा व्यापारी १८४४ साली सुट्टीवर असताना एका भुयारातून उडी मारून बाहेर पडला आणि छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं. पुढे दुखणं वाढतच गेलं. रक्त काढलं, जळवा लावल्या, लोह आणि क्विनीन दिलं. त्याची लघवी तापवली की नितळ व्हायची आणि गार झाली की पुन्हा गोठायची. विल्यम मॅकिन्टायर आणि थॉमस वॉटसन या डॉक्टरांनी नमुना रसायन जाणणाऱ्या हेन्री बेन्स जोन्सकडे पाठवला, सोबतच्या चिठ्ठीत सरळ प्रश्न: हे काय आहे? मॅकबीन १ जानेवारी १८४६ रोजी वारला. शवविच्छेदनात बरगड्या इतक्या मऊ निघाल्या की सुरीने कापता येत होत्या. त्या लघवीतल्या प्रथिनाला आजही बेन्स जोन्सचंच नाव आहे. मॅकिन्टायर मागे राहिला, रुग्ण तर त्याचा होता.

---

स्लाइडवाली

वा, पेटी उघडलीत. यातून आजच्या कामाचं एक निघतं. लघवी तपासायची जी रंगीत पट्टी असते ती अल्ब्युमिन पकडते. बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे लाइट चेन, त्या पट्टीवर बहुधा दिसतच नाहीत. "लघवीत प्रोटीन निल" म्हणून मायलोमा नाही असं ठरत नाही. पट्टीवर निल आणि चोवीस तासांच्या लघवीत मात्र भरपूर प्रथिन, असं दिसलं तर तो मोठा इशारा समजा.

---

गावरान_गुण

माफ करा, पण तुम्ही सगळे गोळ्या, इंजेक्शनांवरच बोलताय. आमच्याकडे गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना दह्यातून घेतात, हाडं ठणठणीत. कांडवेलीचा रसही आहे. नाचणी आहे. या आजारात निसर्गाकडे वळलं तर काय बिघडलं?

---

रक्तपेढी

@गावरान_गुण, नाचणीची भाकरी खुशाल खा. चुना मात्र म्हणजे कॅल्शियमच, आणि ज्याचं कॅल्शियम आधीच १३ आहे त्याला तो देणं म्हणजे चक्र फिरवायला हात लावणं. मायलोमात हाडाला कॅल्शियम कमी पडलेलं नसतं. हाडाकडे असलेलं काढून नेलं जात असतं. वरून कितीही ओतलं तरी ते हाडात बसवणाऱ्या पेशीच दाबलेल्या असतात.

तीच गत डी जीवनसत्त्वाच्या सहा लाख युनिटच्या इंजेक्शनांची. पाठ दुखली की एक, पुन्हा दुखली की आणखी एक. मोजल्याशिवाय टोचून घेऊ नका. त्याचा अतिरेक हे एकट्यानेही कॅल्शियम चढवणारं कारण आहे, कर्करोग नसताना.

कॅल्शियम वाढलेलं असेल तेव्हा आणखी दोन गोष्टी टाळायच्या. थायाझाइड गटाची रक्तदाबाची गोळी, ती कॅल्शियम लघवीत जाऊ देत नाही. आणि दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं, ती आधीच दमलेल्या मूत्रपिंडांवर घाव घालतात. मात्र रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

---

चिंचेचा_कोळ

थांबा, इथेच आमचा गोंधळ झाला होता. दाखल केलं तेव्हा काकांचं कॅल्शियम आणि डी बंद केलं. आणि नंतर महिन्याच्या इंजेक्शनासोबत त्याच डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी लिहून दिली! काकूंनी ती कपाटात लपवली, डॉक्टर विसरले असतील म्हणून.

---

रक्तपेढी

काकूंना सांगा, डॉक्टर विसरलेले नाहीत. झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब ही औषधं हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतात. हाडातून रक्तात येणारा ओघ एकदम तुटतो, मग कॅल्शियम उलट खाली घसरू शकतं, बोटं मुरगळतात, झटकेही येऊ शकतात. डेनोसुमॅबमध्ये हा धोका जास्त, त्यातही मूत्रपिंडं अधू असतील तर फारच. म्हणून रक्तातली पातळी नॉर्मलला आल्यावर कॅल्शियम आणि डी जोडीला देतात. चढलेलं असताना बंद, उतरल्यावर हिशेबाने सुरू. कोणत्या बाजूला आहोत ते ताज्या रिपोर्टवर ठरतं, म्हणून गोळी घेण्याआधी तारीख बघावी.

उपचारांचा क्रम थोडक्यात लिहितो. पहिल्या तासांत सलाईन. कॅल्सिटोनिन लवकर उतरवतं, पण दोन दिवसांत त्याचा जोर सरतो. झोलेड्रोनिक अॅसिड ४ मिलिग्रॅम, किमान १५ मिनिटांत शिरेतून. त्याचा परिणाम दिसायला दोन ते चार दिवस जातात. मूत्रपिंड बघून मात्रा कमी करावी लागते, फारच खराब असेल तर डेनोसुमॅब, कारण ते मूत्रपिंडातून जात नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मायलोमाच्या पेशींनाच मारतं, त्यामुळे मूळ उपचार सुरू झाला की कॅल्शियमही आवरतं. अगदीच हाताबाहेर गेलं तर डायलिसिस.

झोलेड्रोनिक अॅसिडबद्दल एक गंमत. ते हाडांसाठी दिलं जात होतं, पण ब्रिटनमधल्या मायलोमा-९ चाचणीत, निष्कर्ष २०१० साली आले, त्याच गटातल्या जुन्या क्लोड्रोनेटच्या तुलनेत त्यावर असलेले रुग्ण जास्त जगले. सरासरी फरक साडेपाच महिन्यांचा. हाड वाचवलं तर रोगाचंही खाणं तुटतं, या वरच्या चक्राशी हे जुळतं.

---

अक्कलदाढ

दंतवैद्य इथे. आम्हाला या धाग्यावर कुणी बोलावलं नाही, नेहमीप्रमाणे, पण बोलतेच. झोलेड्रोनिक किंवा डेनोसुमॅब सुरू करण्याआधी दात दाखवा. किडलेले, हलणारे, काढायचे असतील ते आधी काढून जखम भरू द्या. ही औषधं सुरू असताना दात उपटला तर जबड्याचं हाड उघडं पडून मरायला लागतं, क्वचित, पण भरून यायला फार त्रास देतं. २००३ साली मायामीच्या रॉबर्ट मार्क्स यांनी अशा ३६ रुग्णांची नोंद छापली तेव्हा जगाचं लक्ष गेलं. आमच्याकडे लोक येतात आणि "औषध कोणतं?" विचारलं की "महिन्याला एक सलाईन असतं" एवढंच सांगतात. त्या बाटलीचं नाव लिहून आणा हो.

---

फुकुओकावासी

इथे जपानमध्ये, विशेषतः आम्ही राहतो त्या क्यूशू बेटावर, वेगळाच रक्तकर्करोग ऐकू येतो. एचटीएलव्ही-१ नावाच्या विषाणूमुळे होणारा. बायकोच्या गरोदरपणात त्या विषाणूची चाचणी केली, तेव्हा पहिल्यांदा कळलं. आईच्या दुधातून तो बाळाकडे जातो म्हणतात. त्या आजारातही कॅल्शियम वाढतं असं वाचलं. यंत्रणा तीच का?

---

स्लाइडवाली

तो प्रौढांमधला टी-पेशींचा ल्युकेमिया-लिम्फोमा. १९७७ साली जपानच्याच ताकात्सुकी आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. विषाणू अंगात असलेल्या बहुतेकांना तो आजार कधीच होत नाही, त्यामुळे काळजी करू नका. पण ज्यांना उग्र रूपात होतो त्यांच्यात कॅल्शियम वाढणं फारच सर्रास, मायलोमापेक्षा कितीतरी जास्त.

रस्ता थोडा वेगळा. तिथे कर्करोगाच्या पेशी पॅराथायरॉइडच्या (गळ्यातल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींच्या) संप्रेरकासारखं दिसणारं प्रथिन सोडतात. ते सगळ्या सांगाड्याला हाड सोडायला लावतं आणि मूत्रपिंडाला कॅल्शियम धरून ठेवायला. जोडीला आरएएनके-लिगँड आहेच.

तिसरा रस्ता लिम्फोमांचा, हॉजकिन आणि इतर काही. त्यांत गाठीतल्या पेशी डी जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप, कॅल्सिट्रिऑल, स्वतःच बनवतात, मूत्रपिंडाला न विचारता. मग आतडं अन्नातलं कॅल्शियम ओढून घेतं. सारकॉइडोसिस आणि टीबीतही असं होतं. म्हणून तिथे आहारातलं कॅल्शियम, डी आणि ऊन यांवरही लक्ष ठेवावं लागतं आणि स्टेरॉइड चांगलं लागू पडतं.

लहान मुलांच्या ल्युकेमियात कॅल्शियम क्वचितच वाढतं, पण हाडं दुखणं आणि मणके दबणं आढळतं. पाय दुखतात म्हणून मूल चालायला नकार देत असेल, सोबत ताप, फिकटपणा, निळे डाग असतील तर "वाढीचं दुखणं" म्हणून सोडू नका.

कॅल्शियम जास्त आलं की पुढची तपासणी पीटीएचची, म्हणजे पॅराथायरॉइडच्या संप्रेरकाची. ते चढलेलं असेल तर बहुधा पॅराथायरॉइड ग्रंथीची गाठ, म्हणजे वेगळीच आणि बहुतांशी निरुपद्रवी गोष्ट. दबलेलं असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं, आणि त्या यादीत कर्करोग वर येतो.

---

सोलापुरी_चादर

आईचा रोग आता आटोक्यात आहे म्हणतात, एम-बँड (मायलोमाच्या प्रथिनाची रक्ततपासणीतली खूण) दिसत नाही. पण सीटीत भोकं तशीच आहेत. म्हणजे उपचार लागू पडले नाहीत का? आणि तिला अंथरुणावरच ठेवावं की चालू द्यावं?

---

रक्तपेढी

लागू पडले आहेत. रोग गेला तरी भरणाऱ्या पेशी लगेच कामावर येत नाहीत, त्यामुळे भोकं वर्षानुवर्षं दिसत राहतात. बोर्टेझोमिबसारखी मायलोमावरची औषधं हाड भरायला थोडा हातभार लावतात. नवं भोक पडतंय का, जुनं मोठं होतंय का, हे बघायचं.

आणि चालू द्या. नुसतं पडून राहिल्याने हाड आणखी झिजतं आणि कॅल्शियमही वाढतं. फक्त कंबरेत वाकून बादली उचलणं, नातवंडाला झटक्यात कडेवर घेणं, पाठीला पीळ देणारी आसनं नकोत. मांडीच्या किंवा खुब्याच्या हाडात मोठं भोक असेल तर मोडण्याआधी सळई घालतात, ते हाडांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. एखाद्याच जागी दुखत असेल तर तेवढ्याच जागी किरणोपचार करून आराम पडतो.

डेनोसुमॅब चालू असेल तर "आता बरं आहे" म्हणून इंजेक्शन मधेच सोडू नका. ते थांबल्यावर हाड खाणाऱ्या पेशी उसळून येतात आणि एकदम दोन-तीन मणके दबू शकतात.

---

शंकेखोर

धागा वाचून वडिलांची फाइल काढली. वय ६८. एकूण प्रथिनं ९.१, अल्ब्युमिन ३.३, ग्लोब्युलिन ५.८. हिमोग्लोबिन १०.४. कॅल्शियम ९.६. कंबरदुखी आहेच. रिपोर्टवर ग्लोब्युलिनसमोर बाण छापलाय आणि तो आजवर कुणी बघितलेला नाही, मीसुद्धा नाही. मघाशी लॅबवाल्यांची चेष्टा केली ती मागे घेतो. पुढे काय?

---

स्लाइडवाली

घाबरून जाऊ नका. ग्लोब्युलिन जुनाट संसर्गात, लिव्हरच्या आजारात, संधिवाताच्या काही प्रकारांतही वाढतं. तिथे इलेक्ट्रोफोरेसिसच्या (रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या तपासणीच्या) आलेखावर पसरट टेकाड दिसतं. मायलोमात एकाच वंशाच्या पेशी एकच प्रथिन बनवतात, म्हणून उंच, अरुंद सुळका येतो, तोच एम-बँड. आणि सुळका आला तरी तो मायलोमाच असं नाही. पन्नाशीनंतर साधारण तीन टक्के लोकांत असा छोटा, निरुपद्रवी सुळका असतो, त्यांच्यातल्या वर्षाला सुमारे एक टक्का लोकांचाच आजार पुढे सरकतो, आणि म्हणून फक्त लक्ष ठेवतात. वडिलांना मात्र रक्तक्षय आणि कंबरदुखी दोन्ही आहे, त्यामुळे चालढकल नको.

या आठवड्यात एवढं करा: सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन (सुळक्यातलं प्रथिन कोणतं ते ओळखणारी तपासणी), फ्री लाइट चेन, क्रिएटिनिन. अल्ब्युमिन धरून कॅल्शियम १०.२ च्या आसपास येतं, म्हणजे आज ठीक आहे. सुळका आला तर पुढची भेट थेट रक्तविकारतज्ज्ञांची. अस्थिमज्जा तपासायची की नाही ते ठरवतील. तोवर दुकानातून आणलेलं वेदनाशामक बंद, पॅरासिटामॉल चालेल, पाणी भरपूर. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर फाइलसोबत तीही घेऊन जा आणि दाखवा.

रिपोर्ट इथे टाकलात तर नाव, लॅब आणि नोंदणी क्रमांक खोडून टाका.